निवासाची अट कोणावर?

बारावीचे निकाल लागले, की पनवेलच्या तहसील कचेरीत आणि तिच्या आसपासच्या सेवा केंद्रांत अधिवासाच्या दाखल्यासाठी पालकांची रीघ लागते. शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, विजेचे बिल, घरपट्टीची पावती अशा कागदांची चळत हातात धरून ही माणसे ताटकळत उभी असतात. कारण आपल्या मुलाचा वा मुलीचा रहिवास या राज्यातला आहे हे कागदोपत्री शाबीत झाल्यावाचून राज्याच्या वाट्याची जागा पदरात पडणे कठीण असते. दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण केल्या आहेत काय, तसे नसल्यास आईबापांचा अधिवास कोठला, बारावीचे महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडते, अशी बारीक चौकशी प्रवेशाच्या वेळी होते. वैद्यकीय प्रवेशांत तर विभागाविभागांतील ७०-३० ची वाटणी २०२० सालापर्यंत चालू होती. रहिवासाचा इतका काटेकोर हिशेब ठेवणारी ही व्यवस्था, प्रवेश पक्का झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मात्र, हा विद्यार्थी आता राहणार कोठे, जेवणार कोठे आणि रात्री कोणत्या दिव्याखाली वाचणार, याची चौकशी करीत नाही. मागच्या रहिवासाचा पुरावा ती मागते. पुढच्या रहिवासाची जबाबदारी तिच्या दप्तरात कोणाच्याच नावे मांडलेली नाही. मला जे प्रतिपादन करायचे आहे ते असे, की निवासाची अट शिक्षणव्यवस्थेत असावीच, परंतु ती विद्यार्थ्यावर न घालता त्याला प्रवेश देणाऱ्या संस्थेवर घातली जावी.

हा विचार सुचण्यास कळंबोलीसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल. सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई हे जे नवे शहर आखले त्यातील ही एक वसाहत. एका अंगाला मुंबईतून हलवलेला लोखंड-पोलाद बाजार, दुसऱ्या अंगाला शीव-पनवेल महामार्ग, आणि जवळच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ. अवजड ट्रेलरांची वाहतूक येथे रात्रीही थांबत नाही. आखणी करताना ही वस्ती श्रमिकांची आणि अल्प उत्पन्नाच्या चाकरमान्यांची धरलेली होती, म्हणून सिडकोने येथे बांधलेल्या कितीतरी घरांत एक खोली आणि स्वयंपाकघर एवढाच संसाराचा पसारा मावतो. पुढे काळाच्या ओघात या वसाहतीच्या भोवती विद्येची ठाणी उभी राहिली. महामार्गापलीकडे कामोठ्यात महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आले, त्याच संस्थेचे एक रुग्णालय कळंबोलीत आले. नवीन पनवेलला पिल्लई यांचे संकुल, खांदा वसाहतीत चांगू काना ठाकूर महाविद्यालय, पनवेलमध्ये रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय, खारघरला तर महाविद्यालयांची दाटीच झाली. प्रत्येक संस्थेने प्रवेशक्षमता वाढवून घेतली. त्या प्रमाणात वसतिगृहातील खाटा वाढल्या नाहीत, आणि उरलेल्या मुलांना कळंबोली, कामोठे, खांदा येथील मूळच्या लहान घरांनी आपल्यात सामावून घेतले.

ते कसे सामावून घेतले, हे पाहण्यासारखे आहे. परभणी, बीड, जळगाव, चिपळूण अशा ठिकाणांहून आलेला मुलगा मानसरोवर वा खांदेश्वर स्थानकावर उतरतो, कोणा ओळखीच्याकडे पथारी टाकतो आणि खोलीच्या शोधास लागतो. एजंट त्याला प्रथम विचारतो तो प्रश्न फॅमिली की बॅचलर असा असतो. बॅचलर म्हटल्यावर निम्मी दारे बंद होतात, कारण गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेने तसा ठराव केलेला असतो, किंवा केलेला नसला तरी सचिवाच्या तोंडच्या हुकमाला ठरावाइतकाच मान असतो. उरलेल्या घरांत कॉट बेसिसवर जागा मिळते: एका खोलीत चार-पाच खाटा, एक कपाट सगळ्यांत मिळून, डबा बाहेरून. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे आणि तसा करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. पण खाटेवर राहणाऱ्या मुलाच्या नावाने असा करार सहसा होत नाही. झाला तर एकाच्या नावाने अकरा महिन्यांचा होतो आणि बाकीचे त्याचे मित्र म्हणून राहतात. परिणाम असा, की परीक्षेच्या ऐन तोंडावर मालकाने घर रिकामे करा म्हटले तर दाद मागण्यास त्यांच्यापाशी कागदाचा चिटोराही नसतो. ज्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी रहिवासाचे अर्धा डझन पुरावे घेतले गेले, तो पुढची तीन-चार वर्षे कोणत्याही पुराव्याविना राहतो.

ही स्थिती अकस्मात उद्भवलेली नाही. तिचे मूळ मुंबई विद्यापीठाच्या जन्मातच आहे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे कायद्याने स्थापिली गेली, त्यांच्यापुढे आदर्श ठेवला होता तो तत्कालीन लंडन विद्यापीठाचा, आणि ते विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये विद्यार्थी ज्या घरात राहतो, त्याच घराचा तो सदस्य असतो, तेथेच जेवतो, तेथेच त्याचा अध्यापक त्याला भेटतो. तशी कल्पना आपल्या विद्यापीठाच्या घडणीत आली नाही. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, आणि राहण्याची सोय ज्याने त्याने आपली पाहावी, हा शिरस्ता पडला, आणि दीडशेहून अधिक वर्षे तो इतका अंगवळणी पडला आहे, की वसतिगृह म्हणजे शिक्षणाचे अंग नसून एक जादा सवलत आहे, ती असल्यास उत्तम, नसल्यास तक्रार कसली, असे सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात.

परंतु महाराष्ट्रात याहून निराळी, आणि माझ्या मते अधिक थोर, अशी दुसरी परंपरा होती, आणि ती विद्यापीठाच्या बाहेर वाढली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी सर्व जातींसाठी म्हणून आधी काढलेल्या वसतिगृहाचा लाभ प्रत्यक्षात एकाच वर्गाला मिळतो, असे अनुभवास आल्यावर, १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे काढविली: मराठा, जैन, मुस्लिम, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे. शाळा-महाविद्यालयाची दारे कायद्याने उघडी असूनही खेड्यातील मुलगा आत का येत नाही, याचे उत्तर त्यांनी अचूक ओळखले होते. शहरात त्याला कोणी राहू देत नव्हते. धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्याच्या माळावर १९०० साली झोपडीत आश्रम नेला तेव्हा त्यांच्या विद्यार्थिनींना वर्गाइतकीच छपराची गरज होती, कारण विधवेने शिकायचे तर तिला आधी घरातून बाहेर पडून राहायला जागा हवी होती. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आरंभीच्या कामांतच, १९२५ साली, सोलापुरास वसतिगृह उघडले. आणि रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांचे साताऱ्याचे वसतिगृह तर या परंपरेचा कळस मानले पाहिजे. १९२४ साली सुरू झालेल्या त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, आपले अन्न आपण शिजवीत. १९२७ साली गांधीजींनी ते पाहिले आणि त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. मुलांच्या पोटाची सोय करताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले. आज पनवेलच्या रयतच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की त्यांच्या संस्थेच्या विस्ताराची मुळे वर्गाइतकीच एका जेवणघरात रुजलेली आहेत?

या सर्वांनी वसतिगृहाचा विचार अंतरापुरता केला नव्हता, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. घर दूर आहे म्हणून वसतिगृह, एवढाच त्यांचा हिशेब असता तर कर्व्यांना पुण्याच्या मुली हिंगण्यास नेण्याचे कारण नव्हते. शिकण्यास योग्य असा निवास ज्याला नाही त्याला तो मिळावा, मग त्याचे घर शंभर कोसांवर असो वा शेजारच्या आळीत, अशी त्यांची धारणा होती. नेमकी ही धारणा आजच्या शासकीय योजनांतून निसटली आहे.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना चालू आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर या मोठ्या शहरांसाठी वर्षाला भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० अशी एकूण ६०,००० रुपयांची तरतूद तिच्यात करण्यात आली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे, अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. या योजनांचे मोल मी कमी लेखीत नाही. त्या नसत्या तर कित्येक मुलांना दुसऱ्या सत्राच्या आतच गाव गाठावे लागले असते. तथापि निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६६ रुपये होतात, आणि तेवढ्यात कळंबोलीत खाट मिळत नाही, हे कोणीही एजंट सांगेल. शिवाय योजनेची प्रतवारी शहरांच्या नावांनी चालते, आणि कळंबोली तर लोकांच्या तोंडी व सिडकोच्या नकाशात नवी मुंबईत असून १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. घरभाडे महानगरपालिकेची हद्द पाहून उतरत नाही.

याहून गंभीर बाब दुसरी आहे. स्वाधारच्या अटींत अशी एक अट आहे, की ज्या शहरातील महाविद्यालयात प्रवेश घेतला त्या शहराचा विद्यार्थी रहिवासी नसावा. कळंबोलीतील एका खोलीत आजी, आईबाप आणि भावंडे यांच्यासह राहणारी मुलगी, जिचे वडील पोलाद बाजारात हमाली करतात आणि जिच्या अभ्यासाला रात्री अकरापूर्वी जमिनीचा कोपरा मिळत नाही, ती या अटीने अपात्र ठरते. कारण तिचे घर गावातच आहे. घर आहे हे खरे. पण अभ्यासाला जागा आहे काय, हे विचारणारा रकाना अर्जात नाही. अशा वेळी मला खुद्द ज्यांच्या नावे ही योजना चालते त्यांच्याच विद्यार्थिदशेचे स्मरण होते. परळच्या चाळीतील एकाच खोलीत सारे कुटुंब राहत असे. सर्वांची निजानीज झाली, की जागा मोकळी होई आणि रात्री दोनच्या सुमारास वडील मुलाला उठवून दिव्यापाशी बसवीत. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला आणि पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेला. तो मुंबईचाच रहिवासी होता. आजच्या अटीप्रमाणे स्वाधारच्या साहाय्यास तो पात्र ठरला नसता. योजनेला ज्याचे नाव दिले त्याचीच विद्यार्थिदशा जिच्या कक्षेत बसत नाही, ती अट कितीही शुद्ध हेतूने घातली असली तरी फेरविचारास पात्र आहे, एवढे तरी कोणीही मान्य करील.

स्थानिक मुलांना वसतिगृहात खाटा दिल्या तर परगावच्यांनी कोठे जावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. खाटा थोड्या असताना दूरच्याला प्राधान्य मिळावे हे न्यायाचेच आहे. पण निवास म्हणजे केवळ रात्रीची झोप अशी समजूत करून घेतल्यामुळे हा पेच पडतो. १९१७ साली नेमलेल्या, सॅडलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयोगाने परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांचे दोष दाखवून ढाक्यास निवासी विद्यापीठ काढण्याचा पुरस्कार केला, आणि १९२१ साली ते सुरू झाले. तेथील पद्धत अशी, की प्रत्येक विद्यार्थी एखाद्या निवासगृहाचा निवासी तरी असे किंवा संलग्न तरी असे. संलग्न विद्यार्थी रात्री आपल्या घरी जाई. परंतु निवासगृहाचा वाचनकक्ष, तेथील अध्यापक, तेथील मंडळे आणि खेळ यांच्याशी त्याचे नाते निवासी विद्यार्थ्यासारखेच असे. शंभर वर्षांपूर्वी बंगालमध्ये जी कल्पना अमलात आली, ती नव्या मुंबईत अशक्य का असावी? कळंबोलीच्या मुलीला वसतिगृहात खाट नको असेल. तिच्या आईला ती रात्री घरी हवी असेल. तिला दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत एक टेबल, एक दिवा, पुस्तके ठेवायला कुलपाचे कपाट आणि माफक दरात एक वेळचे जेवण हवे आहे. वसतिगृहाच्या इमारतीत तळमजल्याचा एक भाग यासाठी राखून ठेवला, की महाविद्यालयाचा प्रत्येक विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या घराचा होऊ शकतो.

आता सक्तीविषयी. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आवारातच राहिले पाहिजे असा नियम करतात. आपल्याकडील भारतीय तंत्रज्ञान संस्था निवासीच आहेत. पवईची संस्था १९५८ पासून तशीच चालत आली आहे, आणि तेथून बाहेर पडलेले लोक वर्गापेक्षा वसतिगृहाच्या आठवणी अधिक जिव्हाळ्याने सांगतात. त्यामुळे सहनिवासाचे शैक्षणिक मूल्य मी नाकारीत नाही. परंतु पवईस ज्याने राहायचे त्याच्यासाठी खोलीही आहे आणि तिचा भार सार्वजनिक पैशाने उचललेला आहे. अशी सक्ती जेथे शुल्काच्या वाढीचा एक मार्ग म्हणून होते, जेथे खोली आणि मेस यांचे पैसे प्रवेशाच्या वेळीच एकरकमी भरावे लागतात आणि न राहिल्यास परत मिळत नाहीत, तेथे तिला शिक्षणाचे नाव देणे अनुचित आहे. बापाने कर्ज काढून भरलेल्या पैशांवर संस्थेने वसतिगृहाचा इमला उभारावा आणि त्यात राहण्याचे बंधनही त्याच्याच मुलावर घालावे, यात विद्यार्थी दोनदा बांधला जातो.

या बाबतीत योग्य सूत्र आपल्याच देशाच्या एका नियमावलीत सापडते, ही समाधानाची गोष्ट आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३ च्या विनियमांत असे म्हटले आहे, की पदव्युत्तर विद्यार्थ्यांना योग्य निवासस्थान पुरवणे महाविद्यालयावर बंधनकारक राहील. मात्र त्यांनी वसतिगृहातच राहणे त्यांच्यावर बंधनकारक राहणार नाही. दोन वाक्यांत सारा न्याय आला. बंधन पुरवणाऱ्यावर, मोकळीक राहणाऱ्याला. रात्रपाळी करून थकलेल्या निवासी डॉक्टरच्या हितासाठी जे सूत्र मान्य झाले ते अभियांत्रिकीच्या, परिचर्येच्या, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला का लागू होऊ नये, याचे सयुक्तिक उत्तर मला सापडत नाही.

मुलींच्या वसतिगृहांविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या फाटकाला संध्याकाळीच कुलूप आणि मुलांचे फाटक रात्रभर मोकळे, ही रीत पुष्कळ ठिकाणी चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी, मुलींच्या सुरक्षेचे कारण पुढे करून त्यांच्यावर मुलांहून निराळे जाचक नियम लादता येणार नाहीत, हे सांगितलेले आहे. आणि कुलपाने रक्षण होते असे मानणाऱ्यांनी जून २०२३ ची दुर्दैवी घटना विसरू नये: मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली, आणि संशय त्या इमारतीच्या पहारेकऱ्यावरच आला. मुलींना कोंडून ठेवण्यापेक्षा कोणाला कामावर ठेवतो, कोणत्या मजल्यावर किती मुली एकट्या राहतात, तक्रार कोण ऐकतो, याची दक्षता संस्थेने घेणे अगत्याचे आहे. आणि तीही जबाबदारी पुन्हा संस्थेचीच.

खर्चाचा प्रश्न उरतो. शासन या निवासाकडे जमेच्या दृष्टीने पाहत आले आहे असे म्हणावे, तर अलीकडे थोडा बदल दिसतो. जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने, शैक्षणिक संस्थेच्या बाहेरील वसतिगृहात दरडोई महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला, सलग ९० दिवस राहण्याच्या अटीवर, करातून सूट देण्याचे ठरवले. बाजारातील खाट हीही शिक्षणाचीच सामग्री आहे, हे यात मान्य झाले. परंतु जमिनीची बाब करापेक्षा मोठी आहे, आणि नव्या मुंबईत जमीन कोणाच्या हाती आहे हे सर्वांना ठाऊक आहे. सिडकोने शिक्षणसंस्थांना भूखंड सवलतीच्या दराने, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. त्या सवलतीच्या मोबदल्यात, प्रवेशक्षमतेच्या ठराविक हिश्शाइतक्या खाटा बांधल्या जातील आणि स्थानिक विद्यार्थ्यांसाठी संलग्नतेचे दालन राहील, असे कलम करारात घालण्यास कोणता कायदा आडवा आला असता? सवलत देणाऱ्याने अट घालणे यात अनुचित काही नाही; या जमिनी ज्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या शेता-मिठागरांतून संपादन केल्या गेल्या, त्यांच्या नातवंडांनाही त्या कलमाचा लाभ झाला असता.

जुने करार पूर्वीच होऊन गेले. प्रवेशक्षमता वाढवून मागण्यास त्या संस्था जेव्हा येतील, तेव्हा खाटांचा हिशेब आधी मागता येईल, एवढाच मार्ग तेथे मोकळा आहे. पण नवे करार अजून व्हायचे आहेत. नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात सिडको शिक्षणनगरी उभारते आहे, आणि जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली; त्यांत अॅबर्डीन आणि यॉर्कही आहेत. ब्रिटनमधील पुष्कळ विद्यापीठे आपल्या देशात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला खोलीची हमी देतात. येथे येताना ती हमी त्यांनी सोबत आणावी, असे म्हणण्याचा अधिकार जमिनीच्या मालकाला आहे, आणि भाडेपट्ट्यावर सह्या होईपर्यंतच तो आहे. त्यानंतर उलवे, कामोठे आणि कळंबोलीच्या एका खोलीच्या घरांत आणखी खाटा वाढतील, आणि ६० वर्षे करारात काही लिहिता येणार नाही.